एका दाताची ओळख

हौसेने जमवलेल्या दगडगोट्यांत, शंखशिंपल्यांत कधी कधी एखादा काळसर, जड दात असतो. तो मगरीचा, माशाचा की डायनोसॉरचा? असाच एक प्रश्न सोडवताना एकोणिसाव्या शतकातले मोठमोठे पंडित चकले होते.

इंग्लंडमधल्या ससेक्स परगण्यात लुईस गावी गिडिअन मँटेल नावाचे डॉक्टर होते. रुग्ण तपासून उरलेला वेळ ते जीवाश्म गोळा करण्यात घालवीत. ककफील्डजवळच्या खाणीच्या परिसरातले काही मोठे दात त्यांच्या संग्रहात आले. पत्नी मेरी अ‍ॅन यांना पहिला दात रस्त्याकडेला दिसला, अशी कथा सांगितली जाते. पण तिला भक्कम पुरावा नाही.

या दातांचे माथे झिजून सपाट झाले होते. म्हणजे हा प्राणी वनस्पती चावून खात असणार. चावून खाणारा सरपटणारा प्राणी तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. चर्वण करणारे ते सस्तन प्राणी, असाच समज होता. पण दात सापडला तो खडक इतका प्राचीन, की त्यात मोठा सस्तन प्राणी असणे शक्यच नव्हते. दात एक सांगत होता, खडक दुसरेच.

१८२२ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिकांना दात दाखवले, तेव्हा कुणी तो मोठ्या माशाचा ठरवला, तर कुणी अलीकडच्या थरातल्या सस्तन प्राण्याचा. १८२३ मध्ये चार्ल्स लायेल यांनी एक दात पॅरिसला जॉर्ज कुव्हिये यांच्याकडे नेला. शरीरशास्त्रातला त्यांचा शब्द म्हणजे अखेरचा निकाल! त्यांनी तो गेंड्याचा ठरवला. मँटेल मात्र खडकाच्या साक्षीवर ठाम राहिले. आणखी दात पाहिल्यावर १८२४ मध्ये कुव्हिये यांनीही मत बदलले: हा वनस्पती खाणारा सरपटणारा प्राणी असावा.

त्याच वर्षी मँटेल लंडनच्या हंटर संग्रहालयात गेले. तिथल्या सॅम्युअल स्टचबरी यांनी इग्वाना या सरड्याच्या दातांशी साम्य दाखवून दिले. आकार लहान, पण घडण तीच! १८२५ मध्ये प्राण्याचे नाव जाहीर झाले – इग्वानोडॉन, म्हणजे इग्वानाच्या दातांचा. ‘डायनोसॉर’ हा शब्द रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये दिला, त्याच्या सतरा वर्षे आधीची ही गोष्ट.

दात ओळखला, तरी प्राणी पुरता कळला नव्हता. मँटेल यांनी एक अणकुचीदार हाड नाकावरचे शिंग मानले. १८७८ मध्ये बेल्जियममधल्या बेर्निसार्टच्या कोळसा खाणीत सांगाडेच्या सांगाडे मिळाले, तेव्हा ते अंगठ्याचे हाड असल्याचे स्पष्ट झाले.

आपल्याकडेही असा घोटाळा झाला. नागपूरजवळच्या टाकळीत मिळालेला एक दात १८९० मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या मॅसोस्पाँडिलस या डायनोसॉरच्या गोत्रात बसवला. आज तो मांसाहारी डायनोसॉरचा मानतात. शिवाय मॅसोस्पाँडिलस आणि टाकळीचे खडक यांच्यात दहा कोटींहून अधिक वर्षांचे अंतर आहे.

डायनोसॉरचे दात आयुष्यभर पडत आणि नवे येत. म्हणून सुटे दात पुष्कळ मिळतात. मांसाहारी डायनोसॉरचा दात बहुधा चपटा, मागे वळलेला आणि कडेला करवतीसारखे बारीक दाते असलेला. मगरीचा साधारणपणे गोलसर, शंकूसारखा. भिंगाखाली एवढे कळते. पण निर्वाळा द्यायला दात कुठल्या जागी, कोणत्या थरात मिळाला हे माहीत हवे. हातोहात विकल्या गेलेल्या दातांची हीच माहिती पहिल्यांदा हरवते.

मँटेल यांचा संग्रह १८३८ मध्ये ब्रिटिश म्युझियमने चार हजार पौंडांना घेतला. एक दात त्यांच्या मुलाबरोबर न्यूझीलंडला गेला आणि आज वेलिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यांच्या हाती ना विद्यापीठ होते ना पद. होता तो आपल्या परिसरातल्या खडकांचा नीट अभ्यास. कुव्हिये यांच्यासमोरही तोच उपयोगी पडला. कुणाच्या कपाटात असा दात असेल, तर त्याच्याशेजारी जागेची, थराची आणि तारखेची चिठ्ठी जरूर असावी. चिठ्ठी नसेल, तर उद्याच्या अभ्यासकाला तो दात फारसे काही सांगू शकणार नाही.