‘हिस्लॉप साहेबांचे गाव’ : तळटीप

* म्हणजे स्कॉटलंडच्या बेरिकशायर परगण्यातले डन्स. हस्तलिखितात ‘इंग्लंडातील खेडे’ असे होते. डन्सच्या माणसाने ते खपवून घेतले नसते, म्हणून दुरुस्त केले. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप १८१७ साली इथे जन्मले आणि १८४५ मध्ये नागपुरात आले. लेखक पुढे ज्या समुद्रकड्यावर तासभर बसले, तो याच परगण्यातला सिकर पॉइंट. खाली करड्या दगडाचे थर फडताळातल्या पुस्तकांसारखे उभे, वर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित कलते. १७८८ मध्ये जेम्स हटन यांनी होडीतून येऊन हे पाहिले. पृथ्वीचे वय काही हजार वर्षांत मावत नाही, याचा पुरावाच त्यांना मिळाला. हिस्लॉप यांनाही दगडांचा नाद इथेच लागला, हा लेखकाचा तर्क. आधार दिलेला नाही, पण तर्क गोड आहे. सीताबर्डी-टाकळी परिसरात लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गोड्या पाण्यातील शंखांविषयी मात्र हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी १८५५ मध्ये लिहिले. त्यासाठी नागपूरकरांना स्कॉटलंड गाठायला नको. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना, सप्टेंबर १८६३ मध्ये, बोरीजवळ हिस्लॉप पुरात बुडाले. — संपा.