टॉल्किननंतर काय वाचायचं?

अमेरिकेतल्या पुस्तकांच्या दुकानांत १९६५ साली ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची पेपरबॅक आवृत्ती एकदम दिसू लागली. किंमत एका खंडाला ७५ सेंट. प्रकाशक होते एस बुक्स. मूळ ब्रिटिश आवृत्तीच्या प्रती अमेरिकेत आणताना कायद्याने घातलेली मर्यादा ओलांडली गेली, त्यामुळे तिथे या पुस्तकाला कॉपीराइटचं संरक्षण उरलेलं नाही, असा त्यांचा दावा होता. लेखक जे. आर. आर. टॉल्किन यांची परवानगी कोणी घेतली नव्हती आणि त्यांना पैसाही मिळणार नव्हता.

त्याच वर्षी बॅलंटाइन बुक्सने अधिकृत आवृत्ती काढली. ती ९५ सेंटला, म्हणजे वीस सेंटनी महाग. तिच्या मलपृष्ठावर टॉल्किन यांचं छोटं निवेदन होतं: हयात लेखकाचा मान राखावा असं ज्यांना वाटतं, त्यांनी हीच आवृत्ती घ्यावी. अमेरिकन वाचकांच्या पत्रांना उत्तरं लिहितानाही ते हीच विनंती करत राहिले. वाचकांनी ती मानली. पुढच्या वर्षी एसने माघार घेतली, टॉल्किन यांना रॉयल्टी दिली आणि पुस्तक पुन्हा न छापण्याचं कबूल केलं. या वादाच्या गाजावाजामुळे १९५४-५५ मध्ये लंडनला निघालेलं हे महागडं पुस्तक अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या वसतिगृहांत पोचलं.

तिथून खरा प्रश्न सुरू झाला. तीन खंड वाचून झाले, आता पुढे काय? दुकानात जाऊन विचारावं तर मोठ्यांसाठीच्या अद्भुत कादंबऱ्यांचं वेगळं कपाटच नव्हतं. विज्ञानकथा एका बाजूला, मुलांच्या परीकथा दुसऱ्या बाजूला आणि मधल्या जागेत काहीच नाही.

इयन आणि बेटी बॅलंटाइन या प्रकाशक दांपत्याने आधी आपल्या परीने शोध घेतला. ई. आर. एडिसन यांची १९२२ सालची ‘द वर्म ऑरोबोरोस’ त्यांनी छापली, मर्व्हिन पीक यांची ‘गॉर्मेनगास्ट’ मालिका छापली. मग त्यांना लिन कार्टर भेटले. कधी काळी जाहिरातींचा मजकूर लिहिणारे कार्टर जुन्या अद्भुत साहित्याचे विलक्षण वाचक होते. टॉल्किन यांच्या आधी कोणी काय लिहिलं, हे उलगडणारं त्यांचं पुस्तक बॅलंटाइनने १९६९ मध्ये काढलं. त्यात ज्या कादंबऱ्यांची ओळख होती, त्यांतल्या बहुतेक बाजारात मिळतच नव्हत्या. तेव्हा त्या छापायच्या असं ठरलं आणि निवडीचं काम कार्टर यांच्याकडे आलं.

मे १९६९ मध्ये फ्लेचर प्रॅट यांच्या ‘द ब्लू स्टार’ने ‘बॅलंटाइन ॲडल्ट फँटसी’ मालिका सुरू झाली. मुखपृष्ठावर युनिकॉर्नच्या मस्तकाचं छोटं चिन्ह असे आणि आत कार्टर यांची प्रस्तावना. लॉर्ड डन्सेनी, विल्यम मॉरिस, जॉर्ज मॅकडॉनल्ड, जेम्स ब्रँच कॅबेल असे विस्मरणात गेलेले लेखक एकामागून एक परत आले. मॉरिस यांची ‘द वेल ॲट द वर्ल्ड्स एंड’ १८९६ सालची.

या शोधातली सगळ्यांत हृद्य गोष्ट इव्हँजेलिन वॉल्टन यांची. वेल्सच्या पुराणकथांवर त्यांनी १९३६ साली लिहिलेली कादंबरी तेव्हा कोणाच्या नजरेतच भरली नव्हती. मालिकेसाठी ती निवडली गेली, तेव्हा कळलं की बाई हयात आहेत आणि त्याच कथाचक्रातलं अप्रकाशित लेखन त्यांच्याजवळ पडून आहे. १९७० मध्ये जुनी कादंबरी नव्या नावाने निघाली, पाठोपाठ आणखी तीन आल्या. साठी ओलांडलेल्या लेखिकेला तिचा वाचक साडेतीन दशकांनी मिळाला.

होप मर्लीस यांच्या वाट्याला मात्र हे आलं नाही. त्यांची १९२६ सालची ‘लड-इन-द-मिस्ट’ ही या मालिकेतल्या उत्तम कादंबऱ्यांपैकी एक. ती १९७० मध्ये निघाली, पण लेखिकेची परवानगी न घेता. मर्लीस १९७८ पर्यंत हयात होत्या. हयात लेखकाच्या मानासाठी लढलेल्या प्रकाशनाकडून हे घडावं, हा त्या मालिकेवरचा डाग आहे आणि तो झाकण्यात अर्थ नाही.

पाच वर्षांत पासष्ट पुस्तकं निघाली. पण जुन्या वळणाची भाषा सगळ्यांना पेलत नव्हती. १९७३ मध्ये बॅलंटाइन रँडम हाउसच्या मालकीची झाली आणि पुढच्याच वर्षी मालिका थांबली.

मग बॅलंटाइनमध्ये संपादक म्हणून आले लेस्टर डेल रे. वाचकाला टॉल्किनसारखंच हवं असेल, तर तसंच नवं द्यावं, असा त्यांचा हिशेब होता. १९७७ मध्ये त्यांनी टेरी ब्रूक्स या नवख्या लेखकाची ‘द स्वोर्ड ऑफ शॅनारा’ काढली. साधा नायक, वृद्ध मार्गदर्शक, दुष्ट जादूगार, लांबचा प्रवास, सगळं ओळखीचं. कार्टर यांनी ती टॉल्किनची नक्कल म्हणून कडक शब्दांत झोडपली. तरी ती ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या खपाच्या यादीत झळकली आणि धंद्याची दिशा ठरली. रॉबर्ट जॉर्डन यांची १९९० मध्ये सुरू झालेली ‘व्हील ऑफ टाइम’ चौदा खंडांची झाली. जॉर्डन २००७ मध्ये वारले आणि ब्रँडन सँडरसन यांनी ती २०१३ मध्ये पुरी केली.

आजच्या दुकानातलं जाडजूड मालिकांचं कपाट डेल रे यांच्या हिशेबातून उभं राहिलं आहे. त्यात चांगली पुस्तकं नक्कीच आहेत. पण एक आवडलेलं पुस्तक संपल्यावर वाचकाला नवं काही देण्याची ताकद कार्टर यांच्या यादीत जास्त होती, कारण तिच्यातली कोणतीही दोन पुस्तकं एकमेकांसारखी नाहीत.

मुग्धा कर्णिक यांच्या ‘स्वामी मुद्रिकांचा’ या अनुवादामुळे टॉल्किन आता मराठीतही वाचता येतो. तो वाचून झाला की चौदा खंडांच्या मालिकेला हात घालण्याआधी एका खंडात संपणारी ‘लड-इन-द-मिस्ट’ वाचावी, नाहीतर डन्सेनींची ‘द किंग ऑफ एल्फलँड्स डॉटर’ घ्यावी. मॉरिस आणि एडिसन तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर विनामूल्य मिळतात. त्यांची पहिली पन्नास पानं जरा धीराने वाचा.