जंतूंची आवक-जावक

शस्त्रांचा इतिहास लिहिताना ढालींचा इतिहास गाळता येत नाही. प्रतिजैविक औषधांचेही तसेच आहे. पेनिसिलिनचा वापर सर्वत्र सुरू होण्यापूर्वीच, १९४० साली, ऑक्सफर्ड येथे अब्राहम व चेन ह्यांनी त्या औषधाचा नाश करणारे एन्झाइम जंतूंत असल्याचे दाखविले. जंतू औषध फोडून निकामी करतात, हे तेव्हापासून ठाऊक झाले.

टेट्रासायक्लिनच्या बाबतीत मात्र हा खुलासा पुरा पडेना. ह्या औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंच्या पेशींत ते फार थोडे साठे, आणि तरीही ते फुटलेले नसे. तेव्हा पेशीचे दारच बंद होत असावे, असा तर्क रूढ झाला.

ह्या तर्काला १९८० साली धक्का बसला. बॉस्टनच्या टफ्ट्स विद्यापीठात लॉरा मॅकमरी, स्टुअर्ट लेव्ही व त्यांचे सहकारी ह्यांनी आतड्यातील ई. कोलाय जंतूंच्या पटलापासून सूक्ष्म पिशव्या बनविल्या. मात्र सदरा उलटा करावा तशा, आतली बाजू बाहेर केलेल्या. ह्या पिशव्यांनी टेट्रासायक्लिन जोराने आत ओढून घेतले. उलट्या पिशवीत जे आत येते, ते सुलट्या पेशीतून बाहेर जात असले पाहिजे! औषधाला प्रवेश होता; परंतु आत आलेले औषध जंतू पंपाने उपसून टाकीत होते. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे, तर आवक चालू होती, पण जावक तिच्याहून चपळ होती.

पुढे हिरोशी निकाइदो आदी संशोधकांच्या कार्यातून दिसून आले की, काही पंप परस्परांशी नाते नसलेली अनेक औषधे बाहेर फेकतात. रुग्णालयांत भाजलेल्या व अशक्त रोग्यांना ग्रासणाऱ्या स्यूडोमोनास जंतूंपाशी असे एकाहून अधिक पंप असतात. २००२ साली जपानी शास्त्रज्ञांनी ई. कोलायच्या अशाच एका पंपाची रचना उलगडली.

हा पंप काही मानवाच्या औषधांसाठी जन्मास आलेला नाही. आतड्यातील पित्तक्षारांपासून जंतूचे रक्षण करणे, हेही त्याचे काम होय. औषधांचा मारा होताच ज्यांचे पंप अधिक, ते जंतू तगतात व त्यांचाच वंश वाढतो. म्हणूनच साध्या पडशावर, जेथे प्रतिजैविकाचा काडीमात्र उपयोग नाही, तेथे ते घेणे निरुपद्रवी नव्हे. एका औषधाच्या अविचारी वापराने, रोग्याने कधी न घेतलेले दुसरे औषधही ऐन वेळी व्यर्थ ठरू शकते.