मधला करडा आणि सारसाची मान
एक्स्पोजरचा इतिहास, गोंदियाच्या उजेडात

डिजिटल कॅमेऱ्याच्या माथ्यावर एक छोटी चकती असते. तिच्यावर एम, ए, एस, पी अशी अक्षरे असतात. दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा असेल तर ए आणि एसच्या जागी एव्ही आणि टीव्ही. बहुतेक मालक ही चकती एकदा हिरव्या ‘ऑटो’वर नेऊन ठेवतात आणि पुन्हा तिला हात लावत नाहीत. वास्तविक या चार अक्षरांत दीड शतकाहून जुना एक वाद साठलेला आहे. फोटोवर किती उजेड पडू द्यायचा, हे कोणी ठरवायचे? माणसाने, यंत्राने, की दोघांनी वाटून? हा वाद केवळ हौशी मंडळींचा वाटतो खरा. पण आमच्या गोंदिया जिल्ह्यात तो धानाच्या बांधीत उभ्या असलेल्या सारस पक्ष्यापर्यंत येऊन पोहोचतो. तो कसा, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आधी मूळ गोष्ट. आमच्याकडच्या मामा तलावाला पाणी सोडण्यासाठी तुडुम असते. तुडुमाचे तोंड किती उघडले आणि ते किती वेळ उघडे ठेवले, यावर खालच्या बांधीला किती पाणी मिळणार ते ठरते. कॅमेऱ्यात भिंगाचे छिद्र, म्हणजे ॲपर्चर, हे तुडुमाचे तोंड. शटर हा वेळ. आणि आयएसओ म्हणजे बांधीची तहान. थोड्या पाण्यात भागणारी बांधी, तशी थोड्या उजेडात भागणारी जास्त आयएसओची फिल्म किंवा सेन्सर. छिद्राचे आकडे २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. तोंड एक पायरी लहान केले की वेळ दुप्पट करायचा. हिशोब तेवढाच राहतो.

झाकण काढा आणि मोजा

१९ ऑगस्ट १८३९ रोजी पॅरिसमध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली. तेव्हा शटर नावाची वस्तूच नव्हती. भिंगावरचे झाकण काढायचे, मनात आकडे मोजायचे, झाकण लावायचे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने ओल्या काचेची, कोलोडियनची पद्धत आणली. काच ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. हिंदुस्थानच्या उन्हात ती पाहता पाहता सुकत असे. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सुरुवातीच्या मंडळींपैकी. या पिढीजवळ प्रकाशमापक नव्हता. ऋतू, तास, ढग आणि समोरच्या भिंतीचा रंग पाहून अंदाज बांधायचा, आणि चुकला तर काच पुसून पुन्हा सुरुवात.

दादासाहेब फाळके याच परंपरेतले. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले, गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला. १९१२ मध्ये विलायतेहून विल्यमसन कॅमेरा आणल्यावर त्यांनी पहिल्यांदा वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली, एकेक चौकट घेत. तो कॅमेरा हाताने फिरवायचा होता. दांडा भरभर फिरवला तर प्रत्येक चौकटीला कमी वेळ, म्हणून कमी उजेड. हळू फिरवला तर जास्त. म्हणजे एक्स्पोजर अक्षरशः मनगटात होते. एमचा, म्हणजे मॅन्युअलचा, इतिहास हा असा आहे. पहिली जवळजवळ शंभर वर्षे दुसरा मार्गच नव्हता.

पडणारा उजेड, परतणारा उजेड

इंग्लंडमध्ये हर्टर आणि ड्रिफील्ड या दोघांनी १८९० मध्ये काचेवर पडणारा उजेड आणि तिच्यावर उमटणारा काळेपणा यांचे गणित मांडले. त्याच दशकात खिशातल्या घड्याळासारखे छोटे मापक बाजारात आले. त्यात उजेडाने काळवंडणारा कागद असे. तो उजेडात धरायचा आणि शेजारच्या रंगवलेल्या छटेइतका काळा व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचे. हे मापक एकच गोष्ट मोजत होते: वस्तूवर पडणारा उजेड. समोर कोळसा आहे की कापूस, याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते.

१९३२ मध्ये अमेरिकेतील वेस्टन कंपनीने विजेवर चालणारा प्रकाशमापक काढला. सेलेनियमवर उजेड पडला की काटा हलायचा. सोय फार मोठी होती, पण तो बहुधा कॅमेऱ्याच्या जागेवरून वस्तूकडे रोखला जाई. म्हणजे मोजला जाऊ लागला तो वस्तूवरून परतणारा उजेड. आणि परतणारा उजेड दोन गोष्टींवर अवलंबून असतो: पडणारा उजेड किती आणि वस्तू किती पांढरी किंवा काळी. या दोन गोष्टी काट्याला वेगळ्या करता येत नाहीत. म्हणून कारखान्यांनी एक तडजोड केली. समोरचे दृश्य सरासरीने मधल्या करड्या रंगाचे आहे, असे धरून चालायचे. छायाचित्रकारांच्या पेटीतला १८ टक्के उजेड परतवणारा करडा पत्ता याच तडजोडीचे प्रतीक. पुढे १९४० च्या सुमारास डॉन नॉरवूडने अर्धगोलाची पांढरी टोपी बसवलेला मापक आणला, तो पुन्हा पडणारा उजेड मोजणारा. सिनेमावाल्यांनी तो उचलला. कॅमेऱ्याच्या पोटात मात्र परतणारा उजेड मोजणारी पद्धतच शिरली.

या ‘सरासरी’कडे जरा थांबून पाहायला हवे. सरासरी कोणाची? रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळेत रंग जुळवण्यासाठी कोडॅकचे एक नमुनाचित्र वापरत, त्यावर गोऱ्या स्त्रीचा चेहरा असे. ‘शर्ली कार्ड’ या नावाने ते ओळखले जाई. तो चेहरा नीट उतरला की बाकीचे ठीक, असे गृहीत. भादव्यातल्या पांढऱ्या आभाळाखाली रोवण्याला वाकलेल्या आमच्याकडच्या बाया त्या सरासरीत बसत नाहीत. यंत्र आभाळ पाहते, उजेड कमी करते, आणि चेहरा काळोखात जातो.

याच्या उलट जुनी, साधी युक्ती होती ती फिल्मच्या खोक्यातली चिठ्ठी. कडक ऊन, धूसर ऊन, ढगाळ, सावली अशी चित्रे आणि प्रत्येकासमोर छिद्र व वेग. गावोगावच्या फोटो स्टुडिओतल्या आणि लग्नाचे फोटो काढणाऱ्या मंडळींचे खरे शिक्षण या चिठ्ठीवर झाले. तिचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: लख्ख उन्हात छिद्र १६ ठेवा आणि वेग आयएसओच्या आकड्याइतका, म्हणजे १०० असेल तर सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग. चिठ्ठी पडणाऱ्या उजेडाबद्दल बोलत होती. म्हणूनच ती पांढऱ्या साडीला आणि काळ्या म्हशीला सारखाच न्याय देई.

निम्मे काम यंत्राकडे

स्वतःच उजेड ठरवणारा पहिला कॅमेरा १९३८ चा, कोडॅक सुपर सिक्स-२०. फार महाग, म्हणून थोडकेच विकले गेले. १९५९ मध्ये आग्फाच्या ऑप्टिमाने संपूर्ण स्वयंचलित एक्स्पोजर सामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेले. पण गंभीर छायाचित्रकार सगळा कारभार यंत्राला द्यायला तयार नव्हते. त्यातून वाटणीचा मार्ग निघाला. १९६५ च्या कोनिका ऑटो-रिफ्लेक्समध्ये वेग माणसाने ठरवायचा आणि छिद्र यंत्राने. आजचे एस किंवा टीव्ही ते हेच. १९७१ मध्ये पेंटॅक्सने उलट वाटणी आणली, छिद्र माणसाचे आणि वेग यंत्राचा. आजचे ए किंवा एव्ही. १९७६ चा कॅनन एई-१ लाखोंनी खपला. १९७७ मध्ये मिनोल्टाच्या एक्सडीत या दोन्ही वाटण्या एकत्र आल्या आणि १९७८ मध्ये कॅनन ए-१ ने त्यांच्या जोडीला पी, म्हणजे प्रोग्राम, बसवला. आजच्या चकतीचा आराखडा तेव्हाच तयार झाला. १९८३ मध्ये निकॉन एफएने दृश्याचे पाच भाग पाडून अंदाज बांधायला सुरुवात केली. १९९९ मध्ये निकॉनचा डी-१ आला, आणि त्याच वर्षी १ मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. म्हणजे आमच्या जिल्ह्याचे वय आणि व्यावसायिक डिजिटल कॅमेऱ्याचे वय साधारण सारखेच.

अर्धस्वयंचलित पद्धतीत वाटणी होते ती कामाची. सरासरीचे गृहीतक यंत्राकडेच राहते. त्यावर उतारा म्हणून अधिक-उणे अशी एक दुरुस्तीची कळ दिलेली असते, आणि चकतीइतकीच तीही दुर्लक्षित राहते.

बांधीतला सारस

महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः गोंदिया आणि शेजारच्या भंडारा जिल्ह्यात. वैनगंगा आणि बाघ नद्यांच्या पलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटातही तो आहे. ‘सेवा’ ही संस्था, वनविभाग आणि गावकरी मिळून पावसाआधी त्याची गणना करतात. जिल्ह्यातला आकडा पन्नाशीच्या आतच असतो. विजेच्या तारा आणि शेतातली कीटकनाशके ही त्याची मोठी संकटे. २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या पक्ष्याच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली.

हा पक्षी उजेडाच्या हिशोबाने अवघड आहे. अंग फिकट राखाडी, डोके आणि मानेचा वरचा भाग लालभडक, आणि लाल संपते तिथे पांढरट पट्टा. पिल्लाच्या डोक्यावर मात्र बदामी-तांबूस पिसे असतात. लाल कातडी नंतर येते. मोठा कोण आणि यंदाचे पिल्लू कोण, हे फोटोवरून ओळखायचे तर डोक्याचा रंग टिकायला हवा.

आता भादव्यात काय होते पाहा. सारस पावसाळ्यात धानाच्या बांधीतच घरटे करतो. पक्षी गर्द हिरव्या धानात उभा असेल तर यंत्राला चौकट काळोखी वाटते. ते उजेड वाढवते. मानेखालचा पांढरा पट्टा जळतो आणि लाल रंग सपाट होतो. लालाचे असे आहे की चौकटीतला एकूण उजेड ठीक दिसत असतानाही सेन्सरचा लाल भाग आधीच काठोकाठ भरलेला असतो. तोच पक्षी चार पावले चालून बोडीच्या चकाकत्या पाण्यापुढे आला की यंत्र दचकून उजेड कमी करते, आणि डोके काळे पडते. उडाला आणि मागे आभाळ आले, तर नुसती काळी आकृती उरते. या अर्ध्या मिनिटात ऊन तसूभरही बदललेले नसते. बदलली ती फक्त पार्श्वभूमी.

म्हणून चकतीवर काय निवडायचे, हे ठरवताना एकच प्रश्न विचारावा: उजेड बदलतो आहे, की मागचे दृश्य? दृश्य बदलत असेल आणि ऊन स्थिर असेल, तर एम. हिशोब चिठ्ठीचाच. आयएसओ ४०० असेल तर छिद्र १६ ला वेग सुमारे चारशेवा भाग. छिद्र ८ केले की दोन पायऱ्या उजेड वाढला, म्हणून वेग सोळाशेवा भाग. पक्षी फिकट आहे, तेव्हा थोडे आणखी कमी करून दोन हजारावा भाग. मग तो धानात जावो, पाण्यात जावो की आभाळात, त्याचा लाल रंग लालच राहतो.

उजेडच बदलत असेल, ढगांची ये-जा चालू असेल किंवा पहाट फटफटत असेल, तर एम हाताला पुरत नाही. तिथे ए किंवा एस घ्यावे आणि दुरुस्तीची कळ वापरावी: मागे आभाळ असेल तर एक-दीड पायरी अधिक, मागे गर्द हिरवे असेल तर पाऊण-एक पायरी उणे. नव्या कॅमेऱ्यांत छिद्र आणि वेग दोन्ही आपण धरून फक्त आयएसओ यंत्रावर सोडता येतो. नाव एमचे असले तरी ही अर्धस्वयंचलित पद्धतच आहे, आणि सरासरीची चूक तिच्यातही शिरते. नागझिऱ्याच्या सावलीत गवा दिसला की हेच उलटे: काळ्या अंगाला यंत्र करडे करून टाकते.

फोटो पुरावा होतो तेव्हा

पूर्ण स्वयंचलित कॅमेऱ्यांचीही इथे गरज आहे. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प २०१३ मध्ये झाला. तिथे झाडाला बांधलेले कॅमेरे वाघाची नोंद करतात. देशाच्या २०१८ च्या व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले गेले. त्यांनी ३,४८,५८,६२३ फोटो काढले, त्यांतले वाघांचे ७६,६५१. वाघ ओळखायचा तो पट्ट्यांवरून, आणि काळे-पांढरे पट्टे उजेडाची बरीच चूक पोटात घेतात. सारसाचे तसे नाही. त्याची ओळख रंगात आहे, आणि जळालेल्या भागात रंगाची माहितीच उरत नाही. कोणत्याही संगणकावर ती परत आणता येत नाही.

नवेगावबांध मराठी वाचकाला माहीत आहे ते मारुती चितमपल्लींमुळे. पाहिलेले लगेच लिहून ठेवण्याची शिस्त त्यांनी रुजवली. डिजिटल फोटोत अशी टिपणवही आपोआप असते. प्रत्येक मूळ फाइलमध्ये तारीख, वेळ, छिद्र, वेग, आयएसओ आणि चकती कोणत्या अक्षरावर होती, हे सारे लिहिलेले राहते. फोटोतला फिका लाल रंग पक्ष्याचा की यंत्राच्या चुकीचा, हे पन्नास वर्षांनी पडताळायचे झाले तर आधार तेवढाच. हीच नोंद व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवताना गळून पडते. आज गावोगावच्या तरुणांनी काढलेले सारसाचे बहुतेक फोटो एका मोबाईलवरून दुसऱ्या मोबाईलवर असेच फिरतात; कोणत्या गावचे, कोणत्या वर्षीचे, काही कळत नाही.

तेव्हा सारसाच्या मागे कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. घरट्यापासून दूर, धुऱ्यावरच थांबावे. पक्षी मान ताठ करून पाहू लागला तर आणखी मागे सरावे. चकती ऑटोवरून काढावी आणि आधी ऊन पाहावे, मग पडदा. आणि मूळ फाइल गाव, तलाव आणि तारीख लिहून जपून ठेवावी. आकडा पन्नाशीच्या आत असलेल्या पक्ष्याच्या बाबतीत यंदाचे एक पिल्लू जगले की नाही, हा प्रश्न अशा एखाद्या फाइलवरही सुटू शकतो.