ताराबाईंचें माहेर

आपल्या वंशावळी पुत्रांच्या असतात. सून कोणत्या घरांतून आली, हें त्यांत क्वचितच सांपडतें. महाराणी ताराबाईंचें मूळ शोधतांना आम्हांस साताऱ्याकडून कऱ्हाडजवळील तळबीडच्या मोहिते घराण्याकडे वळावें लागतें. सरसेनापति हंबीरराव मोहिते हे त्यांचे वडील. राजाराममहाराजांच्या मातोश्री सोयराबाई ह्या हंबीररावांच्या भगिनी. म्हणजे राजाराममहाराज नात्यानें ताराबाईंचे आतेभाऊच! १७०० सालीं वैधव्य आल्यावरही त्यांनीं औरंगजेबाशीं सात वर्षें झुंज चालविली. त्या धैर्याचें श्रेय भोसल्यांच्या कुळास देतांना, १६८७ सालीं वाईजवळ रणांत पडलेल्या पित्यास आपण विसरतों. वंशवृक्षांत माहेरची फांदी काढल्यावांचून अशा स्त्रीचें चरित्र अर्धेंच राहील, असें आम्हांस वाटतें.