आडनांवांतील अरण्य

वरोऱ्याहून दक्षिणेस जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर बल्लारशाह हें मोठें स्थानक लागतें. चांद्याच्या गोंड राजघराण्यांतील एका पुरुषाची स्मृति त्या नांवांत सांठविलेली आहे, हें थोड्याच प्रवाशांच्या ध्यानांत येतें. या घराण्याची नामावळी पाहण्यासारखी आहे. रामशहा, बीरशहा, नीळकंठशहा यांतील राम व नीळकंठ पुराणांतले, तर 'शहा' हें उपपद फारसी. गोंडी शब्द मात्र त्यांत दिसत नाहीं. मोठ्या दरबारांची भाषा राजाच्या नांवांत शिरावी हें स्वाभाविकच होय. १७५१ सालीं हें राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलें. पुढें २१ ऑक्टोबर १८५८ रोजीं इंग्रजांनीं चांद्यास ज्या तरुण गोंड बंडखोरास फांशी दिलें, त्याचें नांव बाबुराव, म्हणजे अस्सल मराठी.

परंतु त्याच बाबुरावांचें 'शेडमाके' हें कुळनांव मात्र कोणत्याहि दरबाराचें नव्हे. व्यक्तिनाम राज्यकर्त्यांबरोबर पालटतें, कुळनांव टिकतें. म्हणून आमच्या मतें खरा इतिहास शोधावयाचा तो येथें.

गोंडींत 'टेका' म्हणजे साग, त्यावरून टेकाम. 'मर्का' म्हणजे आंबा, त्यावरून मरकाम. इरपाची मोहाचे, तुमराची तेंदूचे. ज्या झाडावरून कुळ ओळखलें जातें, तें तोडूं नये असा जुना दंडक. शिवाय प्रत्येक कुळ सात, सहा, पांच वा चार देवांचें असतें, आणि सारख्या देवसंख्येचीं कुळें भाऊबंद समजलीं जाऊन त्यांत सोयरीक होत नाहीं. एका आडनांवांत अरण्य, देव व लग्नसंबंध अशीं तिन्ही प्रकरणें आलीं!

या संदर्भांत कुर्द लोकांचें उदाहरण आठवतें. त्यांचीं नांवें बहुधा सार्थ असतात: बेरिवान म्हणजे दूध काढणारी, नेवरोज म्हणजे नवा दिवस. १९२८ च्या तुर्की वर्णमालेंत डब्ल्यू हें अक्षर नसल्यानें तुर्कस्तानच्या दप्तरांनीं नेवरोज हें नांव कुर्दी वळणानें लिहून घेण्यास दीर्घकाळ नकार दिला. तेथें अक्षरासाठीं भांडावें लागलें. पण भांडणाऱ्यास नांवाचा अर्थ ठाऊक होता. आमच्याकडे टेकाम लिहिण्यास कोणाचीच हरकत नाहीं, तरी अर्थ हरवत चालला आहे. २०११ च्या खानेसुमारींत गोंडांची संख्या एक कोटीहून अधिक भरली; गोंडी ही मातृभाषा सांगणारे तीस लाखांच्या आंतच निघाले.

चांद्याचें सागवान देशभर नांवाजलेलें आहे. त्याच जिल्ह्यांतील टेकाम आडनांवाच्या मुलास आपल्या नांवांत तोच साग उभा आहे हें कळूं नये, ही खेदाची गोष्ट होय. शाळेच्या पटावर नांव चढवितांना शिक्षकांनीं त्याचा अर्थ घरच्या आजा-आजीस विचारून लिहून ठेवला, तर फार खर्च पडणार नाहीं. राजांचे किल्ले सरकार राखील. हा ठेवा मात्र ज्यांच्या जिभेवर आहे, त्यांच्यासमवेतच जाणार आहे.