देवळीच्या आसपास: कोणाच्या नावाने काय?



आपली देवळी वर्धा–यवतमाळ रस्त्यावर. वर्धा इथून साधारण 18 किलोमीटर. दवाखाना, बँक, कचेरी, लग्नाचे कापड, सगळ्यासाठी आपण तिकडे जातो आणि दिवेलागणीच्या आत घर गाठतो. दूरदूरचे लोक ज्या जागा पाहायला येतात, त्या मात्र आपल्या पाहायच्या राहून जातात. आज आम्ही त्या जागांबद्दल बोलणार आहोत. जाताना एक प्रश्न सोबत घेऊ: इथे बाई कोण होती, आणि तिच्या स्वतःच्या नावाने काय होते?

सुरुवात वर्ध्यापासून करू. हे शहर तसे नवे. 1862 साली वर्धा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा कारभार पुलगावजवळच्या कवठ्याहून चाले. 1866 साली पालकवाडीच्या जागी वर्धा वसले. इथले लक्ष्मीनारायण मंदिर बजाज कुटुंबाचे. 1928 साली जमनालाल बजाजांनी ते दलितांसाठी खुले केले. त्या काळी हे सोपे नव्हते. त्यांच्या पत्नी जानकीदेवी मारवाडी घरातल्या, पडद्यात वाढलेल्या. त्यांनी पडदा सोडला, दागिने सोडले, खादी धरली. पुढे विनोबांच्या भूदानाच्या काळात गावोगावी विहिरींसाठी कूपदानाचे काम केले. पाण्याचा हंडा कोणाच्या डोक्यावर असतो, हे तुम्हाला सांगायला नको. 1956 साली त्यांना पद्मविभूषण मिळाले.

वर्ध्यातच गोपुरीला गीताई मंदिर आहे. त्याला छत नाही, आत मूर्ती नाही. उभ्या शिळांवर गीताईचे अठरा अध्याय कोरले आहेत. विनोबांच्या आई रुक्मिणीबाई यांना गीता समजून घ्यायची होती. हाती आलेले मराठी भाषांतर त्यांना अवघड गेले. मग तूच सोप्या मराठीत का लिहीत नाहीस, असे त्या मुलाला म्हणाल्या. 1918 साली त्या गेल्या. विनोबांनी 1930–31 मध्ये गीताई लिहिली, ती आईला वाचायला मिळाली नाही. पण तिच्या एका अडचणीतून ती घरोघरी पोचली. आपल्याला समजत नाही म्हणून गप्प बसायचे नसते, सोपे करून मागायचे असते, हे त्या शिळांपुढे आठवावे.

वर्ध्याहून आठेक किलोमीटरवर सेवाग्राम. याचे जुने नाव शेगाव. गांधीजी 1936 साली इथे राहायला आले. त्यांच्या आधी इथे येऊन काम सुरू केले ते मीराबेन यांनी. त्या इंग्रज नौदल अधिकाऱ्याची मुलगी. घर गावातल्याच सामानाने बांधायचे आणि खर्च फार होऊ द्यायचा नाही, अशी गांधीजींची अट होती. माती, बांबू, कवेलू पाहून आपल्याला आपलेच जुने घर आठवते. आज जिला बापू कुटी म्हणतात, ती आधी मीराबेन यांची झोपडी होती.

सुरुवातीला सगळे आदी निवासात राहत. एकच मोठी खोली, त्यात बापू, कार्यकर्ते, पाहुणे आणि कस्तुरबा. कपडे बदलायला, घटकाभर पाठ टेकायला बाईला आडोसा लागतो. थोरामोठ्यांच्या घरातही तो सहज मिळाला नाही. ही अडचण ओळखून जमनालालजींनी बा कुटी बांधून दिली. ऑगस्ट 1942 मध्ये कस्तुरबा तुरुंगात गेल्या. 22 फेब्रुवारी 1944 रोजी पुण्यात, आगाखान पॅलेसमध्ये कैदेतच त्यांचा शेवट झाला. त्या या कुटीत परत आल्या नाहीत. बापू कुटीपुढे लोक थांबतातच. तुम्ही बा कुटीपुढेही थांबा.

शेवटी पवनार. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याने गेले की धाम नदीच्या काठी विनोबांचा आश्रम लागतो. इथली जमीन खणताना राम–भरत भेटीचे जुने शिल्प निघाले, ते आजही पाहायला मिळते. 1959 साली विनोबांनी इथे बहिणींसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केले. शेती, स्वयंपाक, सफाई, छपाई, सगळे त्या स्वतः करत आल्या. निर्णय सर्वांच्या संमतीने घ्यायचा, ही इथली रीत. बचत गटाच्या बैठकीत एकीचा आवाज मोठा आणि बाकीच्यांच्या माना खाली, असे कुठे होत असेल, तर ही रीत समजून घेण्यासारखी आहे.

पवनार त्याहून फार जुने. वाकाटक राजांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असे इतिहासकार वा. वि. मिराशी यांनी मांडले. काही अभ्यासक रामटेकजवळच्या मनसरकडे बोट दाखवतात. प्रवरपूर वसवणारा राजा दुसरा प्रवरसेन. त्याची आई प्रभावतीगुप्ता. नवरा लवकर गेला, मुले लहान होती, तेव्हा सोळाशे वर्षांपूर्वी या विदर्भाचा कारभार तिने हाती घेतला. तिच्या कारभाराच्या 13 व्या वर्षी दिलेला ताम्रपट पुण्यात मिळाला. ताम्रपट म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर कोरलेला जमिनीचा दस्त. त्यात तिने आधी माहेरच्या गुप्त घराण्याची वंशावळ दिली आणि गोत्रही माहेरचेच, धारण, लावले. राज्य सासरचे चालवले, पण स्वतःची ओळख पुसू दिली नाही.

मैत्रिणींनो, राणीच्या नावाचा दस्त इतकी वर्षे टिकला. आपल्या वावरात निंदण आपण करतो, कापूस आपण वेचतो. सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे? 2005 साली हिंदू वारसा कायदा बदलला आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. कायदा झाला म्हणून नाव आपोआप चढत नाही, तलाठी कार्यालयात जाऊन विचारावे लागते.

तेव्हा कामे उरकली की गटाने एक दिवस काढा. सकाळची एसटी धरा, बायांना अर्धे तिकीट आहे. शिदोरी सोबत घ्या आणि शाळेत जाणाऱ्या मुलींनाही न्या. वर्धा, सेवाग्राम, पवनार एका दिवसात होते. परत आल्यावर पुढच्या बैठकीत दोन गोष्टी करा. काय पाहिले ते प्रत्येकीने सांगा. आणि आपापल्या घराचा उतारा, वावराचा सातबारा घेऊन या. त्यावरची नावे मिळून वाचू.